दोन फळ्यांवर पाय

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सूचना लागली: 'कट्ट्याला मेण लावू नये. हुकुमावरून.' नेरूळमधल्या कुठल्याही सोसायटीत कबुतरांना दाणे घालू नयेत, गॅलरीतून पाणी सांडू नये वगैरे सूचना असतातच. मेणाची सूचना बहुधा आमच्याकडेच असेल, आणि ती माझ्यामुळे आहे.

मेण माझं, लावलं लेकीने. सर्फिंगची फळी ओली झाली की निसरडी होते, म्हणून तिच्यावर मेण घासतात. पाय चिकटून राहावा हा हेतू. स्केटबोर्डवाल्यांचं नेमकं उलटं. त्यांच्या फळीवर पॉलिश पेपरसारखी ग्रिप टेप आधीच असते. ते मेण लावतात कट्ट्याच्या कडेला, फळी तिथून सुळकन घसरावी म्हणून. म्हणजे मेण दोघांचंही, पण एकाचं चिकटायचं आणि दुसऱ्याचं घसरायचं. बारा वर्षांच्या पोरीला हा भेद कुठून ठाऊक असणार? तिने माझ्या कपाटातली वडी उचलली आणि अख्खी कड चोपडून काढली. दुपारच्या उन्हात मेण पातळ झालं. पाच वाजता बी विंगचे आजोबा नेहमीच्या जागी येऊन बसले. साडेसहाला उठायला लागले, तर कट्टा त्यांना सोडेना.

या सगळ्याची सुरुवात टोकियो ऑलिंपिकपासून झाली. २०२० चं ते ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, आणि सर्फिंग नि स्केटबोर्डिंग हे दोन्ही खेळ त्यात पहिल्यांदाच आले. घरी बसून बसून माझं पोट सुटलं होतं. टीव्हीवर मोमिजी निशिया नावाची तेरा वर्षांची जपानी मुलगी स्केटबोर्डवर सुवर्णपदक घेऊन गेली आणि मला वाटलं, तेरा वर्षांच्या मुलीला जमतं ते मला का जमू नये? (लेक हल्ली म्हणते, "बाबा, पुढच्या वर्षी मी तेराची होईन. तुमचं वय कधीच गेलं.") बायको तेव्हाच म्हणाली होती, "त्याच ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने सुवर्ण आणलं. भाला घेतला असतास तर एकदा फेकून मोकळा झाला असतास."

मी मोकळा होणाऱ्यांतला नाही. दोन्ही खेळ एकदम धरले.

आता घरापासून खाडी चालत दहा मिनिटांवर आहे, मग अडचण काय, असं कुणालाही वाटेल. अडचण ही की ठाण्याच्या खाडीत भरती असते, ओहोटी असते, चिखल असतो, तिवरं असतात. नसते ती फक्त लाट. हिवाळ्यात फ्लेमिंगो मात्र असतात. ते त्या चिखलात एका पायावर तासन्‌तास उभे राहतात. मी दोन पायांवर चार सेकंद. त्यामुळे सकाळी तिकडे फिरायला जाणं मी बंद केलंय.

लाटेसाठी मी कर्नाटकात मुल्कीला जातो. दुपारी पनवेलला मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडायची, रात्रभर कोकण रेल्वेचे बोगदे मोजायचे, उजाडायच्या सुमाराला उतरायचं. शांभवी नदी जिथे समुद्राला मिळते त्या भागात शिकवणारे आहेत. एकदा परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. दोन दिवसांत वीस लाटा, एकेका लाटेवर सरासरी पाच सेकंद उभा. एकूण शंभर सेकंद. जाऊन-येऊन प्रवास चोवीस तासांच्या वर. तो कागद मी बायकोच्या हाती लागू दिलेला नाही.

घरी सराव व्हावा म्हणून आठ फुटी फोमची जुनी फळीही घेतली. ती गाडीतून नेणं हा वेगळाच सोहळा झाला असता, म्हणून मुल्कीला भाड्याची वापरतो आणि ही गॅलरीत असते. चार उन्हाळे आईने तिच्यावर कुरडया वाळवल्यात. समुद्र त्या फळीने अजून पाहिलेला नाही.

वेळापत्रकाचंही असंच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला. "नारळी पौर्णिमेआधी कोळीसुद्धा होडी घालत नाहीत, तू कोण लागून गेलास?" हे आईचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. पण पावसात रस्ताही ओला असतो, आणि स्केटबोर्डच्या बेअरिंगला पाणी लागलं की गंज आलाच. म्हणजे चार महिने दोन्ही बंद. मग ऑक्टोबर आला की दोन्ही एकदम उघडतात, आणि सुट्ट्या तेवढ्याच, गुडघेही तेवढेच.

रस्त्याविषयी थोडं सांगायला हवं. पाम बीच रोडवर गाड्या ज्या वेगाने जातात तो पाहता तिथे स्केटबोर्ड काढणं म्हणजे विम्याचे कागद खिशात घेऊन निघण्यासारखं. आतल्या गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक. ज्याने पेव्हर ब्लॉक शोधून काढला त्याचं चाकांशी काहीतरी जुनं वैर असलं पाहिजे. माझी चाकं ५२ मिलिमीटरची, कडक. प्रत्येक फटीत ती दातांना कळवतात की फट आली. आणि हरभऱ्याएवढा खडा जरी आडवा आला तरी फळी जागच्या जागी थांबते; मी थांबत नाही. राहिलं आमचं पार्किंग. तिथे ट्रिमिक्स काँक्रीटची गुळगुळीत जमीन आहे, आणि बी विंगचे आजोबा आहेत.

पहिल्या वर्षी आजोबा टाळ्या वाजवायचे. "वा, या वयात! नवीन शिकताय, छान छान!" मी नुसता फळीवर उभा राहिलो तरी कौतुक. दुसऱ्या वर्षी ते नुसते बघायचे. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "अजून एवढंच?" खरं सांगतो, नवशिक्याचे लाड होतात, पट्टीच्याचा मान होतो, हाल असतात ते आमच्यासारख्या 'बरंच सुधारलंय हो' वाल्यांचे. आता पडलो तर कुणी उचलायला येत नाही, कारण मला येतं असा समज आहे. आणि कुणी बघायला थांबत नाही, कारण मला येत नाही हे सगळ्यांना दिसतं.

त्यात एका खेळातली सुधारणा दुसऱ्याच्या मुळावर. समुद्रात पडायची रीत अशी: खाली पाणी किती उथळ आहे सांगता येत नाही, म्हणून सूर मारायचा नाही, अंग पसरून सपाट पडायचं आणि वर येताना डोक्यावर हात धरायचे, कारण मागून आपलीच फळी येत असते. गेल्या फेब्रुवारीत मला हे अगदी सुरेख जमलं. इतकं अंगात भिनलं की सोमवारी सकाळी पार्किंगमध्ये तोल गेल्यावर मी ट्रिमिक्सवर अंग पसरून, सपाट, पाठीवर पडलो आणि डोक्यावर हात धरले. हेल्मेट होतं म्हणून हा लेख लिहितोय. वॉचमन धावत आला. त्याला वाटलं मला कुणीतरी मारतंय. लेक वरून ओरडली, "बाबा, लोळायचं असतं! खांद्यावरून!"

पण खरी गोम पायांत होती, आणि ती कळायला चार वर्षं लागली. फळीवर कुणाचा डावा पाय पुढे असतो, कुणाचा उजवा. उजवा पुढे असेल त्याला या मंडळींत गूफी म्हणतात. मुल्कीत पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या पोराने मला बेसावध गाठून मागून ढकललं. तोल सावरायला उजवा पाय पुढे पडला. "सर, आप गूफी." ठरलं. इकडे स्केटबोर्ड मी लेकीच्या मागे उभा राहून, तिचं बघून शिकलो. तिचा डावा पुढे, म्हणून माझाही डावा, आणि जमिनीला रेटा द्यायला उजवा. म्हणजे पाण्यात मी एक माणूस आणि पार्किंगमध्ये दुसरा. याचं कधी कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

मग गेल्या ऑक्टोबरात मुल्कीत ती लाट आली. न फुटलेली, हिरवी, लांबलचक. आजवर फुटून फेसाळलेल्या पाण्यावरच माझी हौस भागत होती. उठलो. गुडघे वाकलेले, नजर पुढे, सगळं पुस्तकात असावं तसं. सहा सेकंद. सात. आठ! किनाऱ्यावर कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि लाट जराशी मंदावली.

पार्किंगमध्ये फळी मंदावली की मी काय करतो? उजवा पाय उतरवून रेटा देतो. तसाच दिला. तोही मागचा पाय नव्हे, पुढचा. अरबी समुद्राला.

नाकातोंडात पाणी जाऊन, डोक्यावर हात धरून मी वर आलो तेव्हा शिकवणारा पोरगा फळीला धरून हसत होता. "सर," तो म्हणाला, "इधर फुटपाथ नहीं है."

परतीच्या मत्स्यगंधेत रत्नागिरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं. समुद्र काही माझ्यासाठी बदलणार नाही, तेव्हा रस्त्यावरचा पाय बदलायचा. सोमवारी सकाळी पार्किंगमध्ये उजवा पुढे ठेवला आणि डाव्याने रेटा दिला. चार वर्षांची कमाई एका सेकंदात गेली. फळी एकीकडे, मी खांबाला मिठी मारून दुसरीकडे. वॉचमनने हात दिला. पुन्हा चढलो, तो हात धरून चार पावलं सोबत चालला.

बी विंगचे आजोबा कट्ट्यावर होते. बसण्यापूर्वी आता ते वर्तमानपत्र अंथरतात. त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि किती तरी दिवसांनी टाळी वाजवली.

"नवीन शिकताय वाटतं? छान छान!"

"हो आजोबा," मी म्हटलं. "आजच सुरू केलं."