कॅलेंडरला टोचलेली सुई

परवा नागपुरात नंदनवनला आईकडे गेलो, तर कॅलेंडरच्या कोपऱ्यात शिवणाची सुई टोचलेली, खाली काडेपेटी. म्हणे, "लकव्यासाठी आहे, काढू नकोस." आत्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता: लकवा मारला की पेशंटला जागचं हलवू नका, मेंदूतल्या बारीक नसा फुटतील. सुई तापवून दहाही बोटं टोचा, रक्त काढा. तोंड वाकडं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, पाळ्याही टोचा. शुद्धीवर आला की मग दवाखान्यात न्या. उपाय म्हणे एका चिनी प्राध्यापकाचा. नाव नाही, गाव नाही. सोडा.

बोटं आणि कान एका दमात निकालात काढतो. लकव्यात बहुतेक वेळा मेंदूच्या नसेत गुठळी अडकते. करंगळीतून थेंब काढून ती कशी निघेल? आई शुगरसाठी वर्षानुवर्षं बोट टोचतेय. त्याने लकवा टळत असता तर गोष्टच वेगळी.

माझं डोकं फिरलं ते "हलवू नका"वर. अहो, इथे जे काही हातात आहे ते घड्याळाच्या काट्यावर आहे! गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची अमेरिकेत 624 पेशंटांवर चाचणी झाली, 1995 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांची तीन महिन्यांनी जवळपास धडधाकट असण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी जास्त निघाली. पुढे 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून, दवाखान्याच्या दारापासून नाही. दहा बोटं, दोन कान, मग शुद्धीची वाट, मग जावयाला फोन. गेले की तास!

नसा फुटतात हे खरं, काही लकवे रक्तस्रावाचेच असतात. पण ते स्ट्रेचरवर घेतल्याने होत नाहीत, आणि कुठला प्रकार आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. त्या इंजेक्शननेही रक्तस्राव होऊ शकतो. त्या चाचणीत 6.4 टक्के पेशंटांना झाला, इंजेक्शन न मिळालेल्यांत 0.6. म्हणून तर आधी सीटी.

मेसेजमधलं एक मात्र बरोबर आहे, मानावंच लागतं: लकवा ओळखायला पेशंटला हसायला सांगा, बोलायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. आणि टोचायचंच असेल तर एक बोट, ग्लुकोमीटरसाठी. शुगर फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं. पण त्यासाठी 108 चा फोन थांबवू नका. तोंडात पाणीही घालू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं.

सुई काढली. त्या जागी मार्करने 108 लिहिलं, आणि खाली रात्रीही सीटी होतो अशा धंतोलीतल्या एका दवाखान्याचा नंबर, आधी फोन करून खात्री केलेला. आत्याने मेसेज अजून काढलेला नाही.