परातीतले दोन तांबे पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या उन्हाळ्यातल्या घरगुती खेळांवरचा माझा लेख वाचून आपण लातूरहून सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : ऐन मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांना पाण्याचे खेळ सुचवणे हा निव्वळ कोडगेपणा आहे, कडधान्ये मुलांच्या हाती खेळायला देणे हा अन्नाचा अपमान आहे आणि त्यात जिवाला धोकाही आहे, शिवाय आपल्या लहानपणी कोणी खेळ मांडून देत नसे, तेव्हा ही सगळी थेरं म्हणजे नोकरी करणाऱ्या आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे आहे. शेवटी आपल्या दीड वर्षाच्या नातीला काय द्यावे, असेही आपण विचारले आहे. इतके सुनावल्यावरही आपण हा प्रश्न विचारलात, म्हणूनच हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

आधी पाण्याविषयी. 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातल्या माणसाने पाण्याविषयी बोलावे आणि इतरांनी ऐकून घ्यावे, हे मला मान्य आहे. परंतु मी सुचवलेल्या खेळात नळ नाही, पाईप नाही आणि फुगवायचा टब तर मुळीच नाही. त्यात एक परात, दोन तांबे पाणी, दोन वाट्या, एक उभट पेला, चहाची गाळणी आणि जुन्या सुती कापडाचा हातभर तुकडा एवढेच आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत नागपुरातल्या घरोघरचे कूलर याच्या कित्येक पट पाणी रोज पितात, आणि त्याला आपण उधळपट्टी म्हणत नाही. खेळ संपला की परातीतले पाणी कुंडीला घालावे किंवा त्यानेच फरशी पुसून घ्यावी. म्हणजे ते वाया जात नाही, वापरण्यापूर्वी अर्धा तास मुलाच्या हाती असते इतकेच.

पाणी कमी घेण्याचे कारण केवळ टंचाई नाही. भरपूर पाणी दिले की मूल ते नुसते उडवते. थोडेच दिले की ते पाण्याकडे पाहू लागते. अडीच वर्षांच्या मुलापुढे ही परात ठेवून जरा बाजूला बसून पाहावे. ते कापड बुडवते, दोन्ही मुठींत धरून पिळते, आणि पाणी वाटीत पडण्याऐवजी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. ते हात झटकते, आपल्याकडे बघते, आपण काही बोललो नाही तर पुन्हा कापड बुडवते. काही खेपांनंतर हात आपोआप खाली झुकतात, कोपर वर जाते आणि धार वाटीत पडू लागते. ‘असं धर, तसं नाही’ असे आपण मध्येच म्हटले असते, तर धार आधी पडली असती, पण ती युक्ती त्याची राहिली नसती. हीच मनगटाची पकड पुढे बाटलीचे झाकण फिरवायला, शर्टाची गुंडी लावायला आणि यथावकाश पेन्सिल धरायला उपयोगी पडते.

चार वर्षांच्या मुलासाठी हाच खेळ निराळा होतो. वाटीतले पाणी त्याच्यादेखत उभट पेल्यात ओतावे आणि पाणी कशात जास्त होते, असे विचारावे. ते बहुधा ठामपणे सांगेल, की पेल्यात जास्त झाले. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी याच प्रयोगावरून दाखवले, की आकार बदलला तरी प्रमाण तेच राहते ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. म्हणून तिथे त्याला खोडून काढण्यात अर्थ नाही. त्याला पुन्हा ओतू द्यावे.

आता परातच का, हेही स्पष्ट करतो, कारण आपण धोक्याचा मुद्दा काढला आहे. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे बादलीत डोकावताना ते तोंडघशी पडले तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही. म्हणून खेळाला बादली नको. ज्या घरांत पाणी साठवून ठेवावे लागते तिथे तर न्हाणीचे दार बंद आणि पिंपावर झाकण हवेच. परातीपाशीही मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि त्याच्या हातात मोबाईल नसावा.

अन्नाच्या बाबतीत आपले आणि माझे मत फारसे वेगळे नाही. पायदळी जाणारे धान्य मलाही बघवत नाही. कडधान्ये निवडून वेगळी करण्याचा खेळ मी तीन वर्षांवरील मुलांसाठी सुचवला होता, आणि तोही निवडलेले धान्य पुन्हा डब्यात जाईल अशा बेताने. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती हरभरा, वाटाणा, शेंगदाणा, चिंचोका, मणी यांपैकी काहीही नको. श्वासनलिकेत अडकला तर शेंगदाणा जीवघेणा ठरतो. नाकात गेलेला हरभरा ओलाव्याने फुगतो, आणि घरी चिमट्याने काढण्याच्या नादात आणखी आत ढकलला जातो. नाकात काही गेले, तर घरी काही न करता सरळ डॉक्टरांकडे जावे. हल्ली खेळण्यांच्या दुकानांत पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत जेलीचे मणी मिळतात. त्यांच्याबद्दल आपण काही लिहिले नाही, पण माझ्या मते ते कडधान्यापेक्षाही वाईट, कारण गिळलेला मणी आतड्यात फुगून मार्ग अडवू शकतो. लहान मूल असलेल्या घरात ते आणूच नयेत.

मात्र ‘अन्नाशी खेळ नको’ हा नियम आपल्या आजीनेही कधी तंतोतंत पाळला नव्हता, असे मला वाटते. उन्हाळा म्हणजे वाळवणाचा मोसम. उडदाच्या पापडाचे पीठ कुटून झाले, की तेलात बुडवलेली एक लाटी मुलाच्या हातात पडायचीच; त्यातली अर्धी तोंडात जायची आणि उरलेल्या अर्धीचा साप, चेंडू, गणपती व्हायचा. कुरडयांच्या सोऱ्याचा दांडा फिरवायला मुले भांडत असत. गच्चीवर कावळे हाकलायचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे असे, आणि ते काम आहे की खेळ हे त्याला कोणी समजावून सांगत नसे. आज ज्या घरात वाळवण होत नाही तिथेही पोळ्यांची कणीक रोज मळली जाते. सुपारीएवढा नव्हे, लिंबाएवढा गोळा मुलाला द्यावा आणि सोबत एक वाटी व एक काटा द्यावा. कच्ची कणीक खाऊ देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

इथेच आपल्या तिसऱ्या आक्षेपाचेही उत्तर आहे. आपल्या लहानपणी खेळ मांडून कोणी देत नसे असे आपण म्हणता, पण वाडा, ओसरी आणि सामाईक अंगण हीच मांडणी होती; पाच वर्षांची ताई दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन भातुकलीत बसवायची, आणि एकमेकांकडून शिकण्याची सोय आपोआप व्हायची. दोन खोल्यांच्या घरात, बाहेर 44 अंश तापलेले असताना, एकुलत्या एका तीन वर्षांच्या मुलाला ‘जा, खेळ’ म्हणणे म्हणजे त्याला टीव्हीपुढे बसवणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल व्हायला हवी, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासाभरापेक्षा अधिक वेळ पडद्यापुढे बसवू नये. उन्हाळ्यात सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर अंगणात वा गच्चीवर जाता येते. मधले दहा तास घरातच काढायचे असतात.

त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांतूनच साधने तयार केली. पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघांसह तेच काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. आदिवासी पाड्यावरच्या मुलांना जे पुरले, ते आपल्या स्वयंपाकघरातून जमणार नाही असे नाही.

राहिला ओझ्याचा प्रश्न. आपल्या प्रतिक्रियेत आई आहे, आजी आहे, बाबा मात्र कुठेही नाहीत; परात भरून ठेवायला त्यांनाही जमते. रोज नवा खेळ शोधायचा आणि मुलाला सतत गुंतवून ठेवायचे, असे मानले तर हे खरोखरच ओझे आहे, आणि चित्रफितींतले रंगीबेरंगी खेळ पाहून अनेक पालकांचा तसा समज झाला आहे. मुलांना रोज नवे लागत नाही. तीच परात सलग आठवडाभर दिली तरी चालते.

आता आपल्या नातीविषयी. ओट्याखालचा एक खण तिचा करावा आणि त्यात घट्ट झाकणांचे स्टीलचे दोन-तीन डबे, लाकडी डाव, लहानसे पातेले आणि एक फडके ठेवावे. धारदार, काचेचे किंवा बॅटरीवर चालणारे काहीही त्यात नको, विशेषतः चपट्या बटणासारख्या बॅटरीची वस्तू तर नकोच. ती डबे काढील, आपटील, डाव पातेल्यात घालील आणि बाहेर काढील. सध्या तिला तेवढे पुरेसे आहे. आवाज फार होतो असे वाटले, तर खालचा शेजारी झोपला असेल त्या वेळी फक्त पातेले तेवढे उचलून ठेवावे.