पार आपल्या गावातही आहे, मग व्हिएतनाम कशाला? खानापूरकरांना उत्तर

खानापूरकर, नमस्कार.

मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए शहरात आठवडाभर एकाच ठिकाणी राहण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. एक, निवांत बसायचं आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांकडून शिकता येतं, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला. दोन, तिथली माणसं निवांत असतात हा सुट्टीवर गेलेल्यांचा भ्रम. तीन, दिवाळीत आई-वडिलांना घेऊन सहा दिवसांत हनोई, हा लाँग, होई आन आणि सायगाव दाखवणारं पॅकेज मिळत असताना एका गावात बसून राहणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण तो बराचसा खरा आहे. ह्युएच्या फुटपाथवर बुन बोचं सूप विकणाऱ्या बाईचा हाडांचा रस्सा आदल्या रात्रीपासून किंवा पहाटेपासून चुलीवर असतो. तिला कामं कमी नाहीत, पैशाची ओढाताण आपल्याइतकीच आहे. फरक आहे तो दिवसाच्या आखणीत. साधारण साडेअकराला कचेऱ्या थांबतात आणि दीडच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळात माणसं जेवून सरळ झोपतात. दुकानात चटई टाकून, दोन खुर्च्या जोडून, काहीजण तर उभ्या मोटरसायकलवर पाय हँडलवर टाकून. विश्रांती ही उरलेल्या वेळातली गोष्ट नाही, तिला ठरलेला तास आहे. तुमच्या भागात मे महिन्यात शेतावर जाणारा माणूस हेच करतो, पण बेळगावात नोकरीला लागला की सोडून देतो.

म्हणून तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांच्या घड्याळाला लागायचं. सहाला बाहेर पडा, बाजार आणि राजवाडा सकाळीच उरकून घ्या, अकराला जेवा, दोनपर्यंत खोलीत पडा, चारनंतर नदीकडे जा. बारा वाजता उन्हात फिरणाऱ्याला लहान ठिकाणी तिकीट खिडकी बंद मिळते, टॅक्सीवाला डुलकी घेत असतो, आणि मग ‘दिवस वाया गेला’ अशी चिडचिड होते. आखणी त्या गावाची धरली नाही की हे होणारच.

आता पाराचा मुद्दा. पार आपला आहे आणि चांगलाच आहे. पण त्यावर बाई बसलेली तुम्ही किती वेळा पाहिलीत? तुमच्या आईला पारावर तासभर काही न करता बसता येईल का? ह्युएत बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर ती कॉफी घेऊन बसली तर कोणी विचारणार नाही की घरी स्वयंपाक झाला का. आणि आपल्या गावात बसलेल्या पुरुषालाही लग्न, बारसं, बँकेचा हप्ता, शेजाऱ्याचा बांध हे सगळं पारावरच गाठतं. ज्या गावात तुम्हाला कोणी ओळखत नाही, तिथे हे ओझं काही दिवस उतरतं. परदेशाचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

तिथली कॉफी मुद्दाम घ्यायला सांगतो, कारण ती घाईत होतच नाही. ग्लासात दोन चमचे आटवलेलं गोड दूध. त्यावर फिन, म्हणजे तळाला भोकं असलेली छोटी वाटी. त्यात 20 ते 25 ग्रॅम पूड, वरून भोकांची चकती हलकी दाबून. आधी दोन चमचे कढत पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, पूड फुगली की वाटीभर पाणी आणि झाकण. चार-पाच मिनिटं थेंब पडत राहतात. दोन मिनिटांत सगळं खाली आलं तर पूड जाड आहे किंवा चकती सैल. थेंबच पडेना तर चकती जास्त दाबली गेलीय. झाकण उलटं करून त्यावर ओली फिन ठेवायची. घरी परतल्यावर टिकणाऱ्या सवयींत ही एक आहे, आणि फिन स्वस्तात मिळते.

काळजीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं: ‘काळजी सोडा’ म्हणून ती सुटत नाही. ती अर्धवट राहिलेल्या कामांतून येते, म्हणून ती कामं खानापूरला असतानाच संपवा. ई-व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा मिळतो, एकवेळ प्रवेशाला 25 डॉलर, अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. प्रवासाच्या तीन आठवडे आधी भरा. नाव पासपोर्टावर आहे अक्षरशः तसंच. आधारवर वेगळं स्पेलिंग असेल तर ते बघूच नका. नाव किंवा पासपोर्ट क्रमांक चुकला तर विमानतळावरच अडवतात. व्हिसाच्या दोन छापील प्रती, दोन कार्डं वेगवेगळ्या पिशव्यांत. पैशाचा हिशेब सोपा: शेवटची तीन शून्यं काढा, दहाने गुणा, तिनाने भागा, 30,000 डोंग (तिथलं चलन) म्हणजे सुमारे 100 रुपये. 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही नोटा निळ्या आहेत, मोठी नोट वेगळ्या कप्प्यात ठेवा. घरच्यांना फोनची एकच वेळ सांगा. तिथलं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे आपल्या संध्याकाळी सातला तिथे साडेआठ. बाकी वेळ गावचे ग्रुप गप्प करून ठेवा. आई-वडील शाकाहारी असतील तर ‘चाय’ (Chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) पाटीची खानावळ बघा. साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी अडचण येत नाही.

तुमचं पॅकेज घेऊ नका. चार गावांत सहा दिवस म्हणजे तीनदा बॅग भरायची, बाराला खोली सोडायची, दोनपर्यंत पुढची खोली मिळत नाही. प्रत्येक बदलात निम्मा दिवस जातो आणि त्याचा शीण आई-वडिलांना होतो. परत येताना रविवारी रात्री बेंगळुरूला उतरून सोमवारी कामावर जायचंही ठरवू नका. शनिवारी या.

पण दिवाळीत ह्युएही नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामच्या पावसाचा आणि पुराचा काळ. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत तेव्हा नदीचं पाणी शिरतं. त्याच दिवसांत उत्तरेला हवा कोरडी आणि सुखाची असते. हनोईला दोन रात्री राहून रेल्वेने सव्वादोन तासांवरच्या निन्ह बिन्हला चार रात्री काढा. तिथल्या टाम कोक गावी नावाडी पायांनी वल्ही मारतात, बसूनच सगळं बघता येतं. जवळच्या हांग मुआ डोंगराच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत, गुडघे दुखत असतील तर त्या सोडा. नाव सकाळी आठच्या आत धरा. हनोईच्या बसेस त्यानंतर येऊ लागतात.