११ दिवसांची वाट आणि कुरकुरीचा आळ

मजकूर साधारण असा फिरतो: ‘इजिप्तपासून कनान देश फक्त ११ दिवसांच्या वाटेवर होता. पण इस्राएली लोक सारखी कुरकुर करत राहिले, म्हणून देवाने त्यांना ४० वर्षं वाळवंटात एकाच डोंगराभोवती गोल गोल फिरवलं. तुमचंही तसंच होतंय का? तक्रार थांबवा, वाट सापडेल.’ खाली मावळता सूर्य आणि उंटांची रांग.

उपदेश म्हणून कोणी काहीही सांगावं. पण हा मजकूर बायबलच्या नावावर खपवला जातो, आणि तिथे हे असं लिहिलेलं नाही.

आधी ते ११ दिवस. हा आकडा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला येतो. होरेबपासून सेईर डोंगराच्या वाटेने कादेश-बर्ण्यापर्यंत ११ दिवसांची मजल, एवढंच तिथे म्हटलंय. होरेब म्हणजे सीनायचा डोंगर. त्यात ना इजिप्त आहे, ना कनान. या टप्प्यावर ते अडकलेही नाहीत. इजिप्तची गुलामी सोडल्याच्या दुसऱ्याच वर्षी, द्राक्षं पिकायच्या सुमारास, ते कनानच्या वेशीशी, याच कादेशला, पोचलेले होते. त्याआधीचं जवळजवळ एक वर्ष सीनायच्या पायथ्याशी मुक्कामात गेलं. नियमशास्त्राचा मोठा भाग तिथलाच. शिवाय जवळची वाट टाळली ती देवानेच, असं ‘निर्गम’ स्पष्ट सांगतं: पलिष्ट्यांच्या देशातून गेलं तर लढाई बघून लोक इजिप्तकडे माघारी पळतील.

मग ४० वर्षं कशाची? कादेशहून १२ हेर गेले, ४० दिवस देश पाहून आले. येताना द्राक्षांचा एक घड काठीला लटकवून दोघांनी वाहून आणला. देश चांगला आहे, पण तिथली माणसं राक्षसांसारखी आहेत आणि त्यांच्यापुढे आपण टोळ, असं दहा जणांनी सांगितलं. रात्रभर रडारड झाली आणि शेवटी लोक म्हणाले, दुसरा पुढारी नेमू आणि इजिप्तला परत जाऊ. शिक्षा या क्षणाची आहे. ४० दिवसांना ४० वर्षं, एका दिवसाला एक. कुरकुर हा शब्द त्या प्रकरणात येतो, नाकारायचं कारण नाही. पण मुद्दा गुलामीत परत जाण्याचा होता. नुसत्या कुरकुरीचंच पाप असतं, तर मारा नावाच्या ठिकाणी कडू पाण्यावरून ओरडणाऱ्यांना गोड पाणी मिळालं नसतं, आणि भुकेने बोटं मोडणाऱ्यांना मान्ना (देवाने रानात पुरवलेलं अन्न) आणि लावे पक्षी मिळाले नसते.

‘तक्रार थांबवा, वाट सापडेल’ हे तर सरळ उलटं आहे. शिक्षा ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे ते लोक तक्रार सोडून, ‘चुकलो’ म्हणत कनानकडे डोंगर चढून गेले आणि पार हर्मा या ठिकाणापर्यंत मार खाऊन आले.

तक्रारीबद्दलच बोलायचं तर ‘गणना’ या पुस्तकात सगळ्यात जळजळीत तक्रार खुद्द त्यांच्या पुढाऱ्याची, मोशेची आहे. या सगळ्या लोकांना मी पोटात वाढवलं का, मीच यांना जन्म दिला का, यापेक्षा मला मारूनच टाक, असं तो देवाला म्हणतो. उत्तर म्हणून त्याला ओझं वाटून घ्यायला ७० वडील माणसं मिळतात. प्रेताच्या विटाळामुळे वल्हांडण (इजिप्तमधून सुटकेचा सण) हुकलेले काही जण ‘आम्हीच का मागे राहायचं?’ म्हणून येतात, तर त्यांच्यासाठी महिन्याभराने दुसरा वल्हांडण ठरतो. आणि सलाफहाद नावाच्या माणसाच्या पाच मुली! बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं, असा सवाल त्या भर मंडळीसमोर करतात. ‘मुलींचं म्हणणं रास्त आहे,’ असं देवाचं उत्तर येतं आणि वारसाचा कायदा बदलतो. हे सगळं रानातच घडलं.

हो, रानातच. मूळ हिब्रू शब्द ‘मिदबार’. त्याचा अर्थ नुसती वाळू नव्हे. पेरणी नसलेला, वस्ती नसलेला, पण पाऊस पडला तर जनावरं चरतील असा मुलूख. मोशे सासऱ्याची मेंढरं घेऊन जातो तोही मिदबारातच. आपण ‘गुरं रानात गेलीत’ म्हणतो त्याच्या हा शब्द फार जवळ आहे. मराठी बायबलने ‘रान’ घेतलं ते उगाच नाही. आणि ‘तुमची मुलं ४० वर्षं भटकतील’ असं आपण ज्या वाक्यात वाचतो, तिथे हिब्रूत शब्दशः आहे ‘मेंढपाळ होतील’. भटकवल्याचा उल्लेख दुसरीकडे आहे, सेईरभोवती पुष्कळ दिवस फिरल्याचाही आहे. पण धनगर कळप घेऊन फिरतो तेव्हा तो वाट चुकलेला नसतो.

‘गणना’च्या ३३व्या अध्यायात ४२ मुक्कामांची यादी आहे. ११व्या शतकातला फ्रान्समधला यहुदी भाष्यकार राशी तिथे साधी वजाबाकी करतो. १४ मुक्काम पहिल्या वर्षातले, ८ शेवटच्या वर्षातले. म्हणजे मधल्या ३८ वर्षांत फक्त २०. देवाने त्यांना सारखं हलवलं नाही, हे सांगायलाच तो हा हिशेब मांडतो. गोल गोल कुठे राहिलं?

त्या रानाचा एकच अर्थ पवित्र शास्त्रातही नाही. ९५व्या स्तोत्रात देव म्हणतो, ४० वर्षं मला त्या पिढीचा वीट आला. यहेज्केल संदेष्टाही कडूच बोलतो. यिर्मया संदेष्ट्याला मात्र तेच दिवस नव्या नवरीच्या प्रेमाचे वाटतात: न पेरलेल्या भूमीत तू माझ्यामागे आलीस. होशेयाच्या पुस्तकात देव दुरावलेल्या बायकोला, म्हणजे याच लोकांना, पुन्हा रानात न्यायचं म्हणतो, तिच्या मनाशी बोलायला. शिक्षेच्या जागी कोणी असं परत नेतं का?

मला त्यातला मान्नाच जास्त बोलका वाटतो. दव उठलं की जमिनीवर पांढरे, धण्याएवढे दाणे. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, गोळा करायचं, जात्यात दळायचं नाहीतर उखळात कुटायचं, शिजवून भाकरी करायची. जास्त घेऊन साठवलं तर सकाळी किडे. सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातव्याला सुट्टी. मालकासाठी कोठारं बांधत आलेल्या माणसांना साठवायचीच बंदी, आणि आठवड्याला एक दिवस रजा. ४० वर्षं हेच.

आणि तोराची, म्हणजे बायबलची पहिली, पाचही पुस्तकं संपतात तेव्हा लोक यार्देन नदीच्या अलीकडेच असतात, मोशे नबो डोंगरावर मेलेला असतो. तोराचं वाचन पुरं होतं त्या सिमहात तोरा सणाच्या दिवशी यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये, आपल्याकडच्या बेने इस्राएल यहुद्यांच्यासुद्धा, हा मृत्यू वाचून होतो आणि नदी ओलांडायच्या आधीच पुन्हा पहिल्या ओळीपासून, आकाश आणि पृथ्वीपासून, वाचन सुरू होतं.