सुयांनी गाठ विरघळत नाही, तरी मी का गेले

उद्या काकांना जाऊन महिना होतोय, सकाळी काकूंचा फोन आला, तेव्हापासून दुसरं काही सुचेना म्हणून लिहितेय.

काका म्हणजे आमच्या सोलापुरात आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणलेला माणूस. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला, डॉक्टरांनी सांगितलेलं की आता फक्त त्रास कमी करायचा. मी ॲक्युपंक्चर करते, म्हणजे सुया टोचून उपचार, म्हणून त्यांचा मुलगा मला न्यायला आला आणि गाडीतच विचारलं, मॅडम, सुयांनी गाठ विरघळते ना? कुणीतरी त्याला सांगितलं होतं की गोळ्या सगळ्या बंद करा, सिटिंगचं पॅकेज घ्या, पैसे आधी भरा. मी म्हटलं नाही रे, कुणाच्याच सुईनं विरघळत नाही. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि रडला. मरणाऱ्या माणसाच्या घरात जाऊन असं पॅकेज विकणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, आणि ते माझ्याच पेशातले आहेत याचा जास्त येतो.

मग मी गेले कशाला? मळमळीसाठी. काकांना पाणीसुद्धा टिकत नव्हतं. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरा ताठ होतात त्यांच्या मधोमध एक पॉइंट आहे, पी सहा म्हणतो आम्ही. केमोच्या आणि ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो हे अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच मान्य केलंय, पण काकांची मळमळ आजाराचीच होती, त्यामुळे बघूया एवढंच बोलले. आधी प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, रिपोर्ट बघितला, सुजलेल्या पायांना सुई लावायचीच नाही असं ठरवलं.

काकांनी सुई डोळ्यांजवळ धरून बघितली, म्हणाले "चादरीच्या सुतापेक्षा बारीक आहे की ओ ही! कोटणीस डॉक्टरांची का विद्या?" मी सांगितलं, कोटणीस सर्जन होते, १९३८ला त्यांच्यासोबत चीनला गेलेले डॉ. बसू, त्यांनी ही नंतर कोलकात्यात आणली. सोलापूरकर ना, खूश झाले. सुई लागल्यावर "जड वाटायलंय, मुंग्या आल्यावाणी" म्हणाले. तिसऱ्या वेळेला चार चमचे मऊ भात-मेतकूट खाल्लं आणि टिकलं. काकू दारात वाटी धरून नुसत्या उभ्या होत्या, अजून देऊ का विचारायचंसुद्धा धाडस होईना त्यांना.

पण खरं सांगू का, सगळ्यात कामाची गोष्ट सुई नव्हतीच. डॉक्टरांनी मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, दर चार तासांनी लिहून दिलेलं आणि घरचे सवय लागेल म्हणून फक्त रात्री एक गोळी देत होते! दुखणं असह्य झाल्यावर द्यायची नसते ती, वेळेवर द्यायची असते. मी मुलाला माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावायला लावला. दोन दिवसांनी काका सलग पाच तास झोपले.

शेवटी प्लेटलेट्स खूप कमी झाल्या तेव्हा सुया बंद केल्या, काकूंना तोच पॉइंट अंगठ्यानं हलका दाबायला शिकवला. शेवटच्या रात्रीपण त्या दाबत होत्या.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर पॅकेजचे पैसे भरायच्या आधी मला मेसेज करा, फोनवर बोलायचे मी काही घेत नाही. आणि मॉर्फिन लिहून दिलं असेल तर ते आज रात्रीपासून वेळेवर द्या.