उत्तर: सौद्याचा फॉर्म, हळदीचा आयकॉन आणि गायब झालेला टॅब

नमस्कार साहेब,

मायक्रोसॉफ्ट आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमला जोडलेल्या आमच्या ॲड-इनला (म्हणजे जास्तीच्या छोट्या प्रोग्रॅमला) दोन स्टार देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. सौद्याचा फॉर्म फक्त मालकांच्या मशीनवर उघडतो. जुन्या मेलना हळदीचा आयकॉन लागला नाही. नव्या मॉनिटरवर आमची बटणं पुसट दिसतात. आणि बिलिंगच्या पीसीवरून आमचा टॅबच गेला. तक्रारी खऱ्या आहेत. "ॲड-इनच कच्चं आहे" हा निष्कर्ष मात्र मान्य नाही. चारही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डातले इतर व्यापारीही हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फॉर्म. आउटलुकमध्ये फॉर्म मेलच्या आत नसतो. मेलवर मेसेज क्लास नावाची एक खूण असते: साध्या मेलची आयपीएम.नोट, तुमच्या सौद्याच्या मेलची आयपीएम.नोट.सौदा. मेल उघडताना आउटलुक त्या नावाचा फॉर्म शोधतं आणि सापडला नाही तर मुकाट्यानं साधा मेल दाखवतं, एररही देत नाही. तुमच्या ऑफिसात फॉर्मला हमाली-तोलाईचा रकाना जोडून तो मालकांच्या मशीनवरून पर्सनल फॉर्म्स लायब्ररीत पब्लिश केला गेला. ही लायब्ररी ज्याच्या त्याच्या मेलबॉक्सपुरती असते. एक्सचेंजची (मायक्रोसॉफ्टच्या सामायिक मेल सर्व्हरची) खाती असती तर ऑर्गनायझेशनल फॉर्म्स लायब्ररीत एकदाच टाकून भागलं असतं. तुमची खाती पॉपची, म्हणजे मेल ज्या त्या मशीनवर उतरवून घेणारी आहेत, तेव्हा प्रत्येक मशीनवर बसून फॉर्म पब्लिश करण्याला पर्याय नाही.

मालकांच्या मशीनवर फॉर्म उघडून सेव्ह ॲजमधून आउटलुक टेम्प्लेट म्हणून जतन करा आणि ती फाइल बाकीच्या मशीनवर न्या. तिथे ऑप्शन्समध्ये कस्टमाइझ रिबन (रिबन म्हणजे वरची बटणांची पट्टी) उघडून डेव्हलपरवर टिक करा. डेव्हलपर टॅबमधल्या चूज फॉर्ममधून ती फाइल उघडा आणि पब्लिश फॉर्म ॲज दाबा. नाव अक्षरन् अक्षर तेच हवं, एक स्पेस जरी जास्त पडली तरी वेगळा क्लास तयार होतो. प्रॉपर्टीज पानावर "सेंड फॉर्म डेफिनिशन विथ आयटम" ही टिक कोणी लावली असेल तर काढा. तिच्यामुळे मेलचा आकार वाढतो आणि फॉर्ममधली स्क्रिप्ट बंद पडते. एवढं करूनही जुनाच फॉर्म दिसला तर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, कस्टम फॉर्म्स, मॅनेज फॉर्म्स या वाटेनं जाऊन क्लिअर कॅश करा.

फॉर्म उघडला, पण क्विंटल गुणिले दर हा हिशेब होत नाही, असंही एखाद्या मशीनवर होईल. २०१७ च्या सुरक्षा अपडेटपासून आउटलुक कस्टम फॉर्ममधली स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवतं. ती रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीतून) त्या फॉर्मपुरती चालू करावी लागते. हे काम आमच्यावर सोडा, रजिस्ट्रीत हात घालू नका.

जुन्या मेलचा आयकॉन. आयकॉनही त्याच मेसेज क्लासवरून ठरतो. फॉर्म येण्याआधीचे सगळे मेल आयपीएम.नोट आहेत, ते आपोआप बदलणार नाहीत. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडून येणारे मेलही साध्या क्लासचेच येतात, कारण इंटरनेटवरून येताना ही खूण टिकत नाही. नव्या मेलचा क्लास आमचं ॲड-इन विषय बघून बदलतं. म्हणून विषयात "सौदा" हा शब्द हवाच. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये आयकॉनचा रकाना आहे का, तेही एकदा बघून घ्या.

पुसट बटणांचं कारण तुम्ही दिलेला लोगो आहे. रिबनचं लहान बटण १६ पिक्सेलचं आणि मोठं ३२ चं, पण ते स्क्रीनचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १०० टक्के असताना. तुमचा नवा मॉनिटर १५० टक्क्यांवर आहे, म्हणजे २४ आणि ४८ लागतात. ३२ चं चित्र ताणलं की ते फिसकटणारच. त्यासाठी १६, २०, २४, ३२, ४०, ४८ आणि ६४ असे वेगवेगळे पीएनजी, पारदर्शक पार्श्वभूमीचे, करून घ्यावे लागतात. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला पांढऱ्या चौकोनातला जेपीजी चालत नाही. शिवाय लोगोत पेढीचं पूर्ण नाव आहे. १६ पिक्सेलमध्ये शिरोरेषा, वेलांटी आणि जोडाक्षरं मिळून एक काळा डाग होतो. आमचा सल्ला: बटणावर फक्त हळकुंड ठेवा, नाव फॉर्मच्या माथ्यावर येऊ द्या.

टॅब गायब होण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच. कोणीतरी वरचं "न्यू आउटलुक" हे बटण चालू केलं असेल, तर त्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इनही (आमचं याच प्रकारचं आहे) चालत नाही आणि कस्टम फॉर्मही. ते बंद करून जुन्या आउटलुकमध्ये परत या. दुसरं, सलग ५ वेळा सुरू होताना ॲड-इनला लागलेल्या वेळेचा मध्यक १००० मिलिसेकंदांच्या वर गेला की आउटलुक ते स्वतःच बंद करतं. बिलिंगच्या पीसीला अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, त्यामुळे आमचा संशय यावरच आहे. फाइलमधल्या इन्फो पानावर "स्लो अँड डिसेबल्ड कॉम ॲड-इन्स" उघडा आणि आमच्या नावापुढे "ऑलवेज एनेबल" निवडा. डिस्क एसएसडी केलीत तर हा प्रश्न बहुधा पुन्हा येणार नाही, आणि टॅलीही पळेल.

जुन्या मेलचा क्लास बदलण्याचं काम कोटेशनमध्ये नव्हतं, ते वेगळं आकारलं जाईल. आधी पीएसटी फाइलची (आउटलुक मेल जिच्यात साठवतं तिची) एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. बेदाण्याचं फोल्डर लहान आहे, त्यावर प्रथम करून दाखवू. ते पटलं तरच हळदीच्या फोल्डरला हात लावायचा.