नगराध्यक्षांच्या चपला

गोव्यात महापालिका एकच, पणजीची. बाकी 13 नगरपालिका. त्यामुळे आमच्या गावाचं नाव घेतलं की नगराध्यक्ष कोण, हे तुम्ही लगेच ओळखाल. म्हणून घेत नाही. महापौर असतो तो पणजीला, पण आमच्या भाऊंना सगळे 'मेयर'च म्हणतात आणि भाऊही कधी चूक सुधारत नाहीत.

तसा नगराध्यक्ष आम्ही मतदार निवडतच नाही, नगरसेवक आपल्यातूनच एकाला बसवतात. अधूनमधून अविश्वास ठराव येतो, भाऊ उतरतात. मग नव्यावर ठराव येतो, भाऊ पुन्हा चढतात. मात्र त्यासाठी आधी वॉर्डात निवडून यावं लागतं, आणि वॉर्ड नेमका आमचा. काही शेंची मतं. कोणाच्या घरातून किती पडली, हे संध्याकाळपर्यंत पाववाल्या पोदेरलासुद्धा पाठ असतं.

यंदा भाऊंसमोर दोघे उभे. एक बायकोचा मावसभाऊ, दुसरा आमचा नळ दुरुस्त करणारा. पहिल्याला नकार दिला तर जेवण बंद, दुसऱ्याला दिला तर पाणी.

रविवारी शीत-हुमण पोटात गेलं आणि मी आडवा झालो. दुपारी दीड ते चार या वेळात गोव्यात यमसुद्धा बेल वाजवत नाही. पण निवडणूक! बल्कावात, म्हणजे पुढच्या ओसरीत, भाऊंचा आवाज: "जेवण जालें मरे?" सोप्यावर बसले, माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात. तेवढ्यात मावसमेहुणा आला. "भावोजी, आमच्याकडे लक्ष असू द्या," म्हणाला आणि भाऊंकडे बघून लाजला. पाठोपाठ नळवाला. आता भांडण पेटणार म्हणून मी पोटावरची लुंगी आवळली. कसलं काय! तिघांनी सोलकढी घेतली, भाऊंच्या गुडघ्याची चौकशी झाली, नळवाल्याने त्यांना कुठलंसं तेल सुचवलं. मी तिघांकडे बघून एकाच वेळी मान हलवत होतो; पंख्याला जमतं तसं.

उठताना घोळ झाला. बोलण्याच्या नादात भाऊ मेहुण्याच्या नव्या चपला घालून निघाले, मेहुणा माझ्या. नळवाला बूटवाला, म्हणून वाचला. पायरीवर उरल्या भाऊंच्या: डावी टाच आतून झिजलेली, अंगठा एका खिळ्यावर टेकलेला. परत द्यायला जावं, तर त्यांच्या दारात मला चार माणसं बघणार आणि मेहुण्याला रात्रीच कळणार. बायकोने त्यावर पेपर झाकून ठेवला.

मतदानाच्या सकाळी माझ्या दुसऱ्या चपलेचा पट्टा तुटला. अनवाणी जावं, तर शाळेपर्यंतचा रस्ता केबलसाठी खणलेला. पेपर उचलला. केंद्राबाहेर तिघांचेही एजंट यादी घेऊन बसले होते. नाव विचारण्याआधी तिघांनीही माझ्या पायांकडे पाहिलं. मेहुण्याच्या एजंटाने माझ्या नावापुढे मुकाट्याने फुली मारली, आणि भाऊंचा एजंट उठून मला खुर्ची देऊ लागला.